दुर्मिळ पक्षी दिसला, लोकेशन टाकायचं का? मावळातल्या थंडीत पक्ष्यांना गर्दी का महाग पडते

डिसेंबरची सकाळ. पारा दहाच्या आसपास, इंद्रायणीकाठी दाट धुकं. अशा वेळी पुणे आणि पिंपरी-चिंचवडहून काही गाड्या मावळाकडे निघतात. आत असतात दुर्बिणी आणि हातभर लांब लेन्स. आदल्या रात्री ग्रुपवर कुणीतरी एका दुर्मिळ पक्ष्याचा फोटो टाकलेला असतो आणि खाली लोकेशनची पिन.

आनंदाची बातमी सांगितली, त्यात वाईट काय? प्रश्न साधा वाटतो, पण उत्तर त्या पक्ष्याच्या पोटाशी जोडलेलं आहे.

मावळात थंडीत येतं कोण?

तळेगाव एमआयडीसी वाढत वाढत नवलाख उंबरेच्या शिवारापर्यंत पोहोचली आहे. या पट्ट्यात कारखान्याच्या भिंती, कापणी झालेली भातखाचरं आणि मुरमाड माळ शेजारी शेजारी दिसतात. अशाच जागा हिवाळी पाहुण्यांना लागतात. हिमालय, मध्य आशिया आणि त्याहून उत्तरेकडून गप्पीदास, थिरथिरा, भारीट, शंकर असे लहान पक्षी पुणे जिल्ह्यात उतरतात.

यातल्या शंकरचा गळा निळा असतो. वजन साधारण १५ ते २० ग्रॅम, म्हणजे दहा रुपयांच्या दोन नाण्यांइतकं. तो दरवर्षी येतो, पण पाण्याकाठच्या गवतात दडून राहतो. त्यामुळे फोटो मिळणं कठीण. एखादा खरोखरच वाट चुकलेला पक्षी आला, तर पाहुणा एक आणि बघणारे पन्नास अशी गत होते.

पक्ष्याचं नुकसान होतं कसं?

डिसेंबरात इथली रात्र जवळपास १३ तासांची असते. एवढा वेळ हा छोटा जीव उपाशी असतो आणि अंगातली चरबी जाळून ऊब टिकवतो. उजाडलं की पहिलं काम म्हणजे पोट भरणं. संध्याकाळी पुन्हा रात्रीची शिदोरी जमवायची असते.

फोटोसाठी सोनेरी उजेड नेमका याच दोन वेळांना मिळतो. म्हणजे पक्ष्याला खाण्याची सर्वाधिक गरज असते, तेव्हाच त्याच्याभोवती गर्दी होते. एका माणसामुळे तो एकदा उडाला तर फारसं बिघडत नाही. पण दर दहा मिनिटांनी नवा माणूस दोन पावलं पुढे सरकत असेल, तर त्याची अख्खी सकाळ पळण्यात जाते.

त्यात भर पडते मोबाईलवर आवाज वाजवण्याची. शंकरसारखे पक्षी हिवाळ्यातही आपला खाण्याचा तुकडा राखून असतात. स्पीकरवरचा आवाज ऐकून त्याला वाटतं, दुसरा कुणी घुसला. चरणं सोडून तो बाहेर येतो. फोटो छान येतो, खर्च पक्षी भरतो. काहीजण किडे टाकून पक्ष्याला मोकळ्या जागी ओढतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात आमिष दाखवणंही येतं, हे अनेकांना ठाऊक नसतं.

अभयारण्यात फोटोसाठी परवानगी लागते, तिथे राखणदारही असतो. गावच्या माळावर यातलं काहीच नसतं.

मग नोंद लपवूनच ठेवायची?

तसंही नाही. 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स २०२३' हा अहवाल ३० हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदींवर उभा आहे. माळरानावरचे पक्षी झपाट्याने घटत आहेत, हे त्यातूनच कळलं. नोंदच नसेल तर सरकारी कागदावर माळ 'पडीक' ठरतो आणि पडीक जमिनीसाठी भांडायला कुणी येत नाही.

उघड झालेली माहिती पक्ष्यांना वाचवूही शकते. दर हिवाळ्यात आफ्रिकेला जाताना लोणावळ्याच्या परिसरात थांबणारा अमूर ससाणा हे त्याचं उदाहरण. हा गाणारा पक्षी नव्हे, लहान शिकारी पक्षी आहे. २०१२ मध्ये नागालँडच्या पांगती परिसरात त्याची हजारोंनी कत्तल होत असल्याचं जगासमोर आलं. पुढच्याच वर्षी गावकऱ्यांनी शिकार थांबवली आणि तेच राखणदार झाले. तिथे माहितीसोबत जबाबदारी घेणारं गावही उभं राहिलं. नुसती पिन फिरते, तेव्हा गर्दी येते आणि जबाबदार कुणीच नसतं.

मधला मार्ग कोणता?

ईबर्डसारख्या संकेतस्थळावर नोंद जरूर करावी. काही संवेदनशील प्रजातींची नेमकी जागा तिथे आपोआप झाकली जाते. सोशल मीडियावर मात्र फोटो टाकताना तालुक्याचं नाव पुरेसं आहे, आणि तोही पक्षी निघून गेल्यावर टाकला तर उत्तम. फोटोतलं मंदिर, पाटी, कारखान्याचा फलक यांवरूनही जागा ओळखता येते, हे विसरू नये.

जागेवर गेल्यास आवाज वाजवू नये, किडे टाकू नयेत, उभ्या पिकात शिरू नये. पक्षी खाणं थांबवून माणसाकडे बघू लागला, तर आपण फार जवळ आलो आहोत असं समजून मागे सरावं.

आणि पिन पाठवायचीच असेल, तर आधी गावात सांगावं. आपल्या माळावर कोण पाहुणा उतरला आहे, हे नवलाख उंबरेच्या शाळेतल्या पोरांना पुण्यातल्या ग्रुपच्या आधी कळायला हवं.