फिल्टर कापण्याचा सल्ला महागात पडेल
गोंदियाच्या राईस मिलमधून तांदूळ वाहणाऱ्या आपल्या कित्येक बांधवांची रोजी-रोटी डिझेल पिकअपवर आहे. एप्रिल २०२० पासूनच्या बहुतेक बीएस-६ डिझेल गाड्यांत धुरातील काजळी अडविणारा फिल्टर असतो. बाजारातील लहान फेऱ्यांत तो पुरेसा तापत नाही, काजळी साचते व दिवा लागतो. मग कोणी सांगतो, "कापून टाका!" पण प्रदूषणाचा नियम मोडल्यास कायद्यात दहा हजार रुपयांपर्यंत दंड वा तीन महिन्यांपर्यंत कैद आहे. त्यापेक्षा दिवा लागताच तिरोड्याच्या मोकळ्या रस्त्यावर वीस-तीस मिनिटे एकसारख्या वेगाने गाडी चालवावी. ऑइल पुस्तिकेत सांगितलेलेच घालावे. बांधवांनो, फिल्टर कापला तर ती काजळी आपल्याच हमालांच्या छातीत जाणार आहे.