जीएसटी उतरला, पण दारात मिनी ट्रॅक्टर आणायचा की छोटा हत्ती?

भुसावळ : बैलजोडी विकली, सालदार मिळत नाही, आणि शेतातली किरकोळ कामं तर रोजची. खताच्या गोण्या, फवारणीचं पाणी, ढोरांचा चारा, वेचलेला कापूस. ‘एखादं छोटं वाहन घेऊन टाकू’ हा विचार आता भुसावळ, यावल, बोदवडकडे घराघरात सुरू आहे. त्यात 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला, तर मालवाहू गाड्यांवरचा 28 वरून 18 टक्के. चार लाख मूळ किंमत धरली तर ट्रॅक्टरमागे 28 हजार, गाडीमागे 40 हजार वाचतात.

वाचतात हे खरं. पण हा फायदा एकदाच मिळतो, हप्ता मात्र पाच-पाच वर्षं चालतो. म्हणून आधी बघायचं ते हे की, आपलं काम ओळीत आहे की रस्त्यावर?

कपाशीच्या दोन ओळींत चार-पाच फुटांचं अंतर असेल तर कोळपणी, वखरणी, फवारणीला मिनी ट्रॅक्टर कामाचा. महिंद्राचा युवराज 215 हा 15 एचपीचा. स्वराजचा 2021 मध्ये आलेला कोड 11 एचपीचा आणि रुंदीला तीन फुटांच्या आत. केळीत मात्र गणित बदलतं. बाग लहान आहे तोवर ओळीत यंत्र फिरतं. पानं एकमेकांत गुंतली की काम माणसाच्याच हातात जातं. शिवाय तापीकाठची काळी जमीन खोल. तिथं नांगरटीची अपेक्षा मिनी ट्रॅक्टरकडून ठेवू नये, त्यासाठी मोठा ट्रॅक्टर भाड्यानेच सांगावा लागतो. विकताना ही गोष्ट कोणी आपणहून सांगत नाही.

ज्याचं दूध, भाजीपाला किंवा कापूस आठवड्यातून चार वेळा भुसावळ-जळगावला जातो, त्याला ट्रॅक्टर-ट्रॉली महामार्गावर नेणं वेळखाऊ आणि धोक्याचंही. त्याचं काम रस्त्यावरचं. 2005 मध्ये आलेल्या टाटा एसला लोकांनी उगाच ‘छोटा हत्ती’ म्हटलं नाही. जून 2025 मध्ये आलेल्या एस प्रोची सुरुवातीची किंमत 3.99 लाख होती, वजन पेलते 750 किलो. लायसन्सची धास्तीही कमी झाली आहे : हलक्या वाहनाचं लायसन्स असणारा 7,500 किलोपर्यंतचं मालवाहू वाहन चालवू शकतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये दिला. फिटनेस आणि विम्याचा खर्च मात्र मनात धरावा. आणि मृगाचा पाऊस पडला की हीच गाडी शिवरस्त्यावर रुतते! बांधापर्यंत पक्की वाट नसेल तर चार महिने ती दारातच उभी.

खरी मेख वापराच्या दिवसांत आहे. समजा वर्षाचा हप्ता एक लाख आणि यंत्र चाललं 60 दिवस. म्हणजे डिझेल टाकायच्या आधीच दिवसाला सुमारे 1,670 रुपये पडले. तीन-चार एकरवाल्याला हे परवडत नाही. त्याने गावातलं भाड्याचं यंत्र वापरलेलं बरं, नाहीतर दोघा-तिघा भावांनी मिळून घ्यावं. शेजाऱ्यांची कामं घेऊन दिवस वाढवता येतात, पण पेरणीच्या आठवड्यात सगळ्यांना यंत्र एकदमच लागतं आणि पुढे उधारी वसूल करायला वेगळा माणूस लागतो. जमीन तारण असेल तर सातबाऱ्यावर बोजा चढतो, तो हप्ते फिटेपर्यंत उतरत नाही.

अनुदानावर विसंबून आधी खरेदी करणंही अंगाशी येतं. महाडीबीटीवर अर्ज, निवड, पूर्वसंमती आणि मग खरेदी, हाच क्रम. अनुसूचित जाती व नवबौद्ध बचत गटांसाठी मिनी ट्रॅक्टरची वेगळी योजना सामाजिक न्याय विभागाकडे आहे. तिची चौकशी जळगावच्या समाजकल्याण कार्यालयात करावी.

एक गोष्ट दोन्ही वाहनांना लागू. कापूस वेचणीला बायामाणसं ट्रॉलीत किंवा मागच्या हौद्यात बसवून नेण्याची सवय गावोगावी आहे. ते नियमात बसत नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. भरपाई मालकाच्या डोक्यावर येऊ शकते, म्हणजे शेवटी जमिनीवरच.

घ्यायचंच ठरलं असेल तर डेमो शोरूमच्या आवारात नको. आपल्याच वावरात, ओल असताना, आपल्याच ओळीत यंत्र चालवून दाखवायला सांगावं. आणि पार्ट भुसावळात मिळतो की जळगावहून मागवावा लागतो, हे विक्रेत्याला नाही, गावातल्या मिस्त्रीला विचारावं.