शेण चुलीत की शेतात?

मैत्रिणींनो, मागच्या उन्हाळ्यात मराठवाड्यातल्या एका गावी जमीन सुधारणेच्या शिबिराला गेले होते. पुढे सतरंजीवर पुरुष, मागे भिंतीला टेकून बायका, हे नेहमीचेच चित्र. व्याख्याते माती छान समजावून सांगत होते. सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या खाली गेला की जमीन कमकस समजायची. शेणखत, पालापाचोळा कुजून मिसळला की माती भुसभुशीत होते, पाऊस आत मुरतो, ओल टिकते. नाहीतर पाणी वरच्यावर वाहते आणि जाताना कसदार माती घेऊन जाते. सगळे पटत होते. मग ते म्हणाले, "बायकांनी गोवऱ्या थापणं बंद करावं. सोनं जाळता तुम्ही!"

मागून एक म्हातारी म्हणाली, "सोनं शेतात घालते की बाबा. मग सैपाक कशावर करू?"

सगळे हसले. व्याख्यान पुढे सुरू झाले. मला मात्र तो प्रश्न अजून सोडत नाही.

शेण जाळले की त्यातला नत्र धुरात जातो, हाती राख उरते, हे खरेच. पण बाई ते हौसेने जाळते का? गायराने आक्रसली, जळण लांब गेले. पऱ्हाट्या, तुराट्यासुद्धा चुलीतच जातात. ट्रॅक्टर आले तशी दावणीची जनावरे कमी झाली, म्हणजे मुळात शेणच कमी. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली, शेगडी मिळाली. पण रिकामी टाकी भरायला पैसे नसले की पुन्हा चूल पेटते. गोबरगॅसमध्ये शेणातून जळणही मिळते आणि उरलेली मळी खत म्हणून शेतात जाते. पण त्याला जनावरे हवीत, जागा हवी, रोजचे पाणी हवे. ते पाणी कोणाच्या डोक्यावरून येणार? मातीचा कस असा चुलीपाशी येऊन अडतो, आणि चुलीबद्दल शिबिरात कोणी बोलत नाही.

आता पाण्याचे बघा. १९७२ च्या दुष्काळात आणि पुढे रोजगार हमीच्या कामांवर बांध घातले, पाझर तलाव खोदले, त्यात बायका मोठ्या संख्येने होत्या. पाटीने माती वाहिली ती आपणच. 'माती अडवा, पाणी जिरवा' ही घोषणाही आपण दिली. पाणी जिरले, पण उतरले कोणाच्या विहिरीत? ज्याची जमीन त्याच्या. तिथे ऊस उभा राहिला, आणि पाटी वाहणारी पुन्हा हंडा घेऊन निघाली.

२०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातल्या शंभर वहितीदारांत बाया सुमारे चौदा. महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क देणारी कायद्यातली दुरुस्ती झाली. तरीही माहेर तुटू नये म्हणून बहिणी हक्कसोडपत्रावर सही करतात. सातबाऱ्यावर नाव नसलेली बाई शेतात राबते, पण कुठले पीक घ्यायचे हे ठरवत नाही. माती सुधारायला तर वर्षे लागतात. उद्या घराबाहेर काढले तर जी जमीन आपली नाही, तिच्यात कष्ट कशाच्या भरवशावर पुरायचे?

वेगळे करता येते, हे आपल्याच राज्यात दिसले आहे. पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी सत्तरच्या दशकात पाणी पंचायत उभी केली. तिथे पाणी जमिनीच्या एकरांवर नव्हे, घरातल्या माणसांच्या संख्येवर वाटले. भूमिहीनांचाही वाटा मानला. उसाला मनाई केली. माणसे मोजली म्हणजे बाईही मोजली गेली, हे महत्त्वाचे.

म्हणून मला वाटते, माती-पाण्याच्या कामाला आपण 'शेतीवाल्यांचा विषय' म्हणून बाजूला ठेवू नये. गावात असे काम निघाले की तीन गोष्टी आधी विचारू या. अडवलेल्या पाण्यात भूमिहीन आणि एकट्या बाईचा वाटा किती? शेण शेतात न्यायचे तर चुलीची सोय काय? आणि ज्या जमिनीचा कस आपण वाढवणार, तिच्या सातबाऱ्यावर आपले नाव कधी चढणार?

पुढच्या शिबिरात मागे भिंतीला टेकून न बसता, पुढे सतरंजीवर बसून हे विचारू या. त्या म्हातारीला उत्तर मिळायला हवे.