समानार्थी शब्द नावाची अफवा

शाळेत आपल्या सगळ्यांना एक थाप मारली गेली आहे. तिचं नाव 'समानार्थी शब्द'. दोन मार्कांपुरतं ठीक आहे हो, पण नोकरीला लागलं की पहिल्याच स्पेसिफिकेशनमध्ये कळतं, 'मस्ट' आणि 'शुड' एक नव्हेत. इंटरनेटचे नियम लिहिणाऱ्यांनी तर १९९७ साली आरएफसी २११९ नावाचा आख्खा कागद यासाठीच काढला. 'मस्ट' म्हणजे करायचंच. 'शुड' म्हणजे सबळ कारण असेल तर सूट. क्लायंटशी होणारी निम्मी भांडणं याच फटीतून निघतात.

पण आपल्याकडे एका शब्दाच्या फरकावर प्रोजेक्टच काय, आख्खे मुलूख लटकलेले आहेत. मी माहूरचा. माहूर म्हटलं की तुम्हाला रेणुकामाता आठवणार, दत्तशिखर आठवणार. मला आज आठवतेय ती पैनगंगा. पूल ओलांडला की यवतमाळ जिल्हा, म्हणजे वऱ्हाड. १९४७ पर्यंत अलीकडे निजामाचं राज्य आणि पलीकडे इंग्रजांचा कारभार.

आधी पलीकडचा काठ बघू. १८५३ साली कंपनीने फौजेच्या खर्चापोटी निजामाकडून वऱ्हाड घेतलं. पण करारात शब्द 'सेशन' नव्हता, 'असाइनमेंट' होता. म्हणजे मालकी सोडलेली नाही, फक्त उत्पन्न आणि कारभार लावून दिला. पुढे १९०२ साली कर्झनने त्याची 'लीज' केली, वर्षाला २५ लाख रुपयांवर, आणि तीही कायमची! भाडेकरू कधीच जाणार नाही, पण मालक म्हणून पाटीवर नाव तुमचंच. त्या पाटीचा मान ठेवायला १९३६ च्या करारानंतर निजामाच्या मुलाला 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब मिळाला. राज्य मात्र इंग्रजांचंच.

आता अलीकडचा काठ. १९४७ साली संस्थानिकांनी सह्या केल्या त्या 'ॲक्सेशन'वर. त्यात संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण एवढंच दिल्लीकडे जाणार होतं, बाकी घर तुमचं. 'मर्जर' म्हणजे घराची भिंतच पाडणं. कोल्हापूर १९४७ साली सामील झालं, पण मुंबई प्रांतात विलीन झालं १ मार्च १९४९ ला. आपल्या भाषेत सांगायचं तर ॲक्सेशन म्हणजे तीन फंक्शन्स दुसऱ्याच्या सर्व्हरवर टाकणं, आणि मर्जर म्हणजे तुमची ब्रँचच संपणं. आपण मराठीत दोन्हीला बिनधास्त 'विलीनीकरण' म्हणून मोकळे होतो.

निजामाने यातलं काहीच केलं नाही. २९ नोव्हेंबर १९४७ ला केला तो फक्त 'स्टँडस्टिल', म्हणजे वर्षभराचा जैसे थे करार. मग १३ सप्टेंबर १९४८ ला फौजा शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली. रणगाडे होते, विमानं होती, पण नाव काय? 'पोलीस ॲक्शन'. कारण 'वॉर' दोन देशांत होतं आणि पोलीस स्वतःच्या घरात फिरतात. हैदराबादची तक्रार तेव्हा सुरक्षा परिषदेपुढे होती, त्यामुळे या फरकाला वजन होतं. हीच युक्ती डचांनी १९४७ साली इंडोनेशियात केली होती, आणि १९५० साली कोरियाबद्दल ट्रुमनने हाच शब्द उचलून धरला. आमच्याकडे जुनी माणसं अजूनही 'पोलीस ॲक्शनच्या वर्षी' असा काळ मोजतात. सरकारी शब्द सरळ पंचांगात जाऊन बसला!

खरी गंमत पुढे आहे. माहूर-किनवटचा आमचा भाग तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात होता, १९५६ साली नांदेडात आला. आज आदिलाबाद तेलंगणात आहे. आम्ही १७ सप्टेंबरला 'मुक्तिसंग्राम दिन' साजरा करतो. तिकडे २०२२ साली केंद्राने 'लिबरेशन' दिन केला, राज्य सरकारने त्याच दिवशी 'इंटिग्रेशन' दिन. २०२४ साली नवं राज्य सरकार आलेलं, त्याने दोन्ही सोडून 'प्रजापालन' दिन केला. तारीख तीच, भांडण शब्दाचं.

माझं मत सरळ आहे. हे शब्द एकमेकांचे पर्याय नाहीत, ती वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. कायद्याने काय झालं, कारभाराचं काय झालं, आणि माणसांचं काय झालं. रझाकारांचा जाच ज्यांनी सोसला, स्वामी रामानंद तीर्थांच्या हाकेला ओ देऊन जे तुरुंगात गेले, त्यांच्यासाठी 'मुक्ती' हाच शब्द खरा आहे, आणि तो कोणी 'एकीकरण' म्हणून पातळ करू नये. पण त्याच सप्टेंबरनंतर मुसलमानांच्या कत्तली झाल्या. सुंदरलाल समितीने संस्थानातल्या बळींचा अंदाज २७ ते ४० हजार दिला आणि सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा आणि बिदरबरोबर आमचं नांदेडही मोजलं. त्या घरांना 'लिबरेशन' शब्द कसा ऐकू येत असेल? ते नाकारण्यासाठी 'मुक्ती' हा शब्द वापरला, तर आपण त्या शब्दाचाच अपमान करतो.

म्हणून मला एकच एक 'बरोबर' शब्द नकोय. 'मुक्ती' म्हणा, जोरात म्हणा, पण ती कोणाची आणि कशापासून, हे पुढच्याच वाक्यात सांगा. स्पेसिफिकेशन लिहिताना एवढी शिस्त आपण रोज पाळतो. इतिहासाला तेवढी द्यायला काय हरकत आहे?