राष्ट्रपती ‘आपला’ नको, प्रश्न विचारणारा हवा

२०२७च्या जुलैमध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांची मुदत संपेल. त्याआधी नावं फिरू लागतील आणि आपल्या ग्रुपांवर ठरलेली चर्चा सुरू होईल : यंदा मुसलमान द्या, कलामांनंतर आपलं कुणी तिथं बसलंच नाही. माझं म्हणणं थेट आहे. ही मागणी फार स्वस्त आहे. ती पूर्ण करायला राजकीय पक्षाला काहीच खर्च येत नाही.

आपलं नाव तिथं असल्यानं काय झालं, ते बघा. २५ जून १९७५च्या रात्री आणीबाणीच्या घोषणेवर सही करणारे राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद होते. मंत्रिमंडळाची बैठक दुसऱ्या दिवशी सकाळी झाली, सही आधीच झाली होती. आता के. आर. नारायणन घ्या. १९९७ला गुजराल सरकारनं उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवटीची शिफारस केली, त्यांनी ती परत पाठवली. १९९८ला वाजपेयी सरकारनं बिहारसाठी तेच केलं, तीही परत पाठवली. सरकार कुणाचं, हे त्यांनी पाहिलं नाही.

आणि खुद्द कलामसाहेब? २००५ला मॉस्कोच्या दौऱ्यावर असताना त्यांनी बिहार विधानसभा बरखास्तीवर सही केली. सर्वोच्च न्यायालयानं तो निर्णय घटनाबाह्य ठरवला. त्याच कलामांनी २००६ला लाभाच्या पदाचं विधेयक फेरविचारासाठी संसदेकडे परत पाठवलं. माणूस तोच, नाव तेच. मोजायचं असेल तर पेन कुठं थांबलं, हे मोजा.

मी परंड्याचा, पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे. आमच्याकडे एकानं लिहिलेला कोड दुसऱ्यानं तपासल्याशिवाय पुढं जात नाही. तपासणारा तो कोड स्वतः बदलत नाही, शेरा मारून परत पाठवतो. न वाचताच ‘मंजूर’चं बटण दाबणारा त्या जागी असून नसल्यासारखा.

‘राष्ट्रपती म्हणजे रबरी शिक्का, त्यानं काय होणार?’ असं तुमच्यापैकी बरेच जण म्हणतील. घटना वाचा. कलम १११नुसार राष्ट्रपतीला विधेयक (धनविधेयक सोडून) एकदा परत पाठवता येतं. कलम ७४नुसार मंत्रिमंडळाचा सल्लाही एकदा परत पाठवता येतो. तेच पुन्हा आलं तर मान्य करावं लागतं, हे खरं. पण त्या एका वेळेला देश थांबून बघतो, वर्तमानपत्रं विचारतात, सरकारला उत्तर द्यावं लागतं.

नागरिकत्व दुरुस्ती विधेयक ११ डिसेंबर २०१९च्या रात्री राज्यसभेत मंजूर झालं, १२ला सही झाली. वक्फ दुरुस्ती विधेयक ४ एप्रिल २०२५च्या पहाटे राज्यसभेत मंजूर झालं, ५ला सही झाली. पुढं सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं वक्फ कायद्याच्या काही तरतुदींना अंतरिम स्थगिती दिली. म्हणजे विचारण्यासारखं काहीतरी त्यात होतं. ते सहीच्या आधी विचारायला काय हरकत होती?

आता तुम्ही म्हणाल, आपल्याला कुठं मत आहे? थेट नाही, पण आपल्या आमदार-खासदारांना आहे. १९७१च्या लोकसंख्येवरून महाराष्ट्रातल्या आमदाराच्या मताचं मूल्य १७५ धरलं जातं. उमरगा, तुळजापूर, धाराशिव, परंडा, चार आमदार मिळून ७००. खासदाराच्या मताचं मूल्य २०२२ला ७०० होतं. २०२४ला या चार जागांवर दोन ठाकरे गटाचे, एक शिंदे गटाचा आणि एक भाजपचा आमदार निवडून आला, खासदार ठाकरे गटाचा. म्हणजे आपलं पत्र दोन्ही आघाड्यांच्या दारात जाऊ शकतं.

‘पक्ष सांगेल तसं’ हे उत्तर ऐकून घेऊ नका. या निवडणुकीत पक्षाला व्हिप काढता येत नाही, मतदान गुप्त असतं. शिवसेनेनं २००७ला एनडीएत असून प्रतिभाताई पाटलांना मत दिलं, २०१२ला प्रणव मुखर्जींना. २०२२ला ठाकरेंनी महाविकास आघाडीत राहून मुर्मूंना पाठिंबा दिला. मराठी माणसासाठी, आदिवासी महिलेसाठी आघाडीची रेघ ओलांडता येते, तर घटनेसाठी का नाही?

म्हणून तालुक्यातालुक्यात बसा आणि आमदाराला मराठीत एक पानाचं पत्र द्या. फक्त मुसलमानांच्या सह्या नकोत. शेजारचा मराठा, दलित, धनगर, लिंगायत मित्रही सही करेल, कारण घाईत झालेला कायदा उद्या त्याच्याही शेतावर येऊ शकतो. पत्रात तीनच प्रश्न ठेवा. तुम्ही ज्याला मत देणार, त्यानं स्वतःच्या पक्षाला कधी जाहीर सवाल केलाय का? ज्यांच्यावर कायदा लागू होणार, त्यांचं शिष्टमंडळ सहीआधी तो भेटेल का? परत पाठवण्याचा अधिकार वापरायची त्याची तयारी आहे का?

उत्तर लेखी मागा. आलं तर मोहल्ल्यात वाचून दाखवा. नाही आलं तर तेही सांगा. २०२९ला हेच लोक मतं मागायला आपल्या दारात येणार आहेत.