चार पाऊण तीन

मैत्रिणींनो, सुट्टी जवळ आली की आपल्या घरात एकच प्रश्न, जायचं कुठं? माथेरान-लोणावळा झालेलं असतं, गोवा खिशाला झेपत नाही आणि मुलांना समुद्रच हवा असतो. आम्हा अंबरनाथ पश्चिमेच्या मंडळींना त्यातल्या त्यात सोयीचं म्हणजे अलिबाग. तळोजामार्गे पनवेल गाठायचं, पुढे पेण, वडखळ, की आलंच. मुंबईकर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला उतरतात. २०२० च्या मार्चपासून तिथं मोटारीसकट माणसं नेणारी रो-रो बोटही सुरू झाली आहे. आपल्याला आपली एसटी बरी!

'अलिबागहून आलायस का?' असं आपण किती सहज बोलून जातो! या वाक्यावर बंदी घालावी म्हणून एक अलिबागकर २०१९ साली उच्च न्यायालयापर्यंत गेले होते. न्यायालयानं ते मनावर घेतलं नाही. मी मात्र हल्ली हे वाक्य तोंडातून काढत नाही. का, तेच आज सांगायचं आहे.

आम्ही उतरलो होतो एका काकूंकडे. लॉज नव्हे, राहतं घरच. मागच्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायच्या आणि जेवण घरचं. पूर्वी त्यांचं भागायचं नागावच्या वाडीवर. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि नारळी-पोफळी मुळासकट आडव्या झाल्या. पोफळ नव्यानं लावली तर सुपारी हातात यायला पाच-सात वर्षं जातात. तोवर घर कसं चालायचं? म्हणून या खोल्या.

शुक्रवारी रात्री पाहुणे येतात, रविवारी दुपारी जातात. त्या दोन दिवसांत काकू पहाटे चारला उठतात. शनिवार-रविवारी कुणाचं लग्न असलं तर घरातलं दुसरं कुणीतरी जातं, काकू नाहीत. आमच्याच शेजारच्या खोलीतल्या बाईंनी रात्री साडेदहाला गरम भाकरी मागितली, तेव्हा काकूंनी विझवलेली शेगडी पुन्हा पेटवली. मला आपलं उगीच वाटलं, ही मी असते तर भांडी आपटली असती.

आमची संकष्टी नेमकी त्या शनिवारी आली. कुलाबा किल्ल्यात आंग्य्रांच्या वेळचं गणपतीचं देऊळ आहे, तेव्हा दर्शनाला जायचंच असं मी ठरवलं. किल्ला समुद्रात. ओहोटीला चालत जाता येतं, भरतीला चहूकडे पाणी. आदल्या रात्री काकूंना वेळ विचारली. त्यांनी भिंतीवरच्या कालनिर्णयकडे नजर टाकली आणि भाजी चिरता चिरता म्हणाल्या, "उद्या चतुर्थी. चार पाऊण तीन. तीनला भरती, म्हणजे नऊला ओहोटी. आठला निघा आणि साडेनऊ-दहाच्या आत किल्ल्यातून बाहेर पडा."

पाऊणकी! माझ्या आजीच्या तोंडी होती. मी शाळेत अर्धवेळ गणित शिकवते, पण मला येत नाही.

हे हसून म्हणाले, "अगं, मोबाईलवर दिसतं की सगळं." मोबाईलवर कुणी पाहिलं नाही, हा भाग वेगळा. सकाळी दुसरा चहा झाला, धाकटीची चप्पल सापडेना, निघायलाच साडेनऊ वाजले. जाताना पाणी घोट्याएवढं. मी म्हटलं, काकू उगीच घाबरवतात. किल्ल्यात दर्शन झालं, गोड्या पाण्याची पुष्करणी पाहिली, तटावरच्या चाकांच्या तोफांवर मुलांचे फोटो झाले. खाली उतरलो तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते.

भरती सुरुवातीला हळू चढते आणि मधल्या दोन तासांत धावत येते, हे मला नंतर कळलं. अर्ध्या वाटेत पाणी माझ्या मांड्यांपर्यंत आणि धाकटीच्या छातीपर्यंत आलं. पायाखालची वाळू सरकायला लागली. ह्यांनी तिला खांद्यावर घेतलं, मी थोरल्याचा हात इतका घट्ट धरला की त्याच्या मनगटावर वळ उठले. तेवढ्यात शेवटच्या फेरीचा घोडागाडीवाला मागून आला. चौघांना वर ओढून घेतलं आणि किनाऱ्यापर्यंत आम्हाला जे काही ऐकवलं ते इथं छापण्याजोगं नाही. ऐकून घेतलं. मी घाबरून रडत होते, की लाजेनं, ते आजही सांगता येणार नाही.

घरी काकूंनी साबुदाण्याची खिचडी झाकून ठेवली होती. ओले कपडे पाहिले, काही बोलल्या नाहीत. मुलीचं डोकं पुसताना त्यांचा हात मात्र थरथरत होता.

संध्याकाळी मीच त्यांच्यापाशी स्वयंपाकघरात जाऊन बसले आणि पाऊणकी शिकून घेतली. तुम्हीही लिहून ठेवा. पंचांगातली तिथी घ्यायची, शुद्ध असो की वद्य, आणि तिची पाऊणपट करायची. येतील तितके वाजता भरती, दुपारी आणि पुन्हा पहाटे. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. पंचमीला पावणेचार, षष्ठीला साडेचार. रोज साधारण पाऊण तास पुढे. तासाभराचा फरक पडू शकतो, तेव्हा अगदी काठावरची वेळ धरू नका. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण, तेव्हा पाणी खूप चढतं तसं खूप उतरतंही. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा ओहोटीलाही वाटेत पाणी राहतं, घोडागाडीच करावी लागते. हे गणित आपल्या कोकण किनाऱ्याचं, मद्रास-कलकत्त्याला लावू नका.

काकूंना मी म्हटलं, आमच्याकडे अंबरनाथला नळाला पाणी किती वाजता येणार हे आम्हा बायकांना घड्याळ न बघता कळतं. त्या खूप हसल्या. "मग तुम्ही शिकाल," म्हणाल्या.

आता जाणाऱ्यांसाठी दोन-चार गोष्टी. जेवणाची पानं किती ते आदल्या रात्री सांगा आणि रात्री नऊनंतर चूल पेटवायला लावू नका. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला बंदी असते, त्या दिवसांत ताज्या पापलेटचा हट्ट धरू नका. वालाचं बिरडं मागा, सोबत सोलकढी. थंडीत गेलात तर पोपटी खाल्ल्याशिवाय येऊ नका. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, हवी तर अंडी-कोंबडी भरून मडकं उपडं ठेवतात आणि भोवती जाळ करतात. पाण्याचा थेंब नाही! अलिबागचा पांढरा कांदा गोडसर, कोशिंबिरीला उत्तम. त्याची वेणी घरासमोर टांगून बसलेल्या बाईकडूनच घ्या, आणि घासाघीस बेतानं.

दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा काकूंकडेच जायचं ठरलं आहे. पोचतो त्याच्या दुसऱ्या दिवशी एकादशी. अकरा पाऊण सव्वाआठ, म्हणजे ओहोटी सव्वादोनच्या सुमाराला. हे ह्यांनीच मोजलं, बरं का! पण भांग नुकताच सरलेला असेल, तेव्हा वाटेत पाणी किती राहील ते काकूंना विचारूनच निघू.