तिसरी बंदूक, कोरी पावती

3 सप्टेंबर 2025 ला जीएसटी परिषदेने रिव्हॉल्व्हर आणि पिस्तुलांवरचा कर 28 वरून 40 टक्क्यांवर नेला आणि 22 सप्टेंबरपासून तो लागूही झाला. आपले परवान्याचे हत्यार आता खासगी विमाने, चैनीच्या नौका आणि धूम्रपानाचे पाइप यांच्या पंगतीला बसले आहे. मूळ किंमत एक लाख असलेल्या .32 रिव्हॉल्व्हरवर 28 हजार भरायचे, तिथे आता 40 हजार. ज्याच्या जिवाला धोका आहे अशी खातरजमा करून जिल्हाधिकारी परवाना देतात, त्याचे हत्यार चैनीची वस्तू कशी, हे दिल्लीने समजावून सांगितले तर बरे होईल. असो. हा वाढीव दर जीएसटीच्या यादीतल्या शीर्षक 9302 पुरता, म्हणजे रिव्हॉल्व्हर-पिस्तुलांपुरता आहे. बारा बोअरच्या बंदुका आणि काडतुसे त्यात येत नाहीत, हे फोन करणाऱ्या सर्वांनी कृपया लिहून ठेवावे.

कारण या महिन्याच्या टपालात कराची तक्रार थोडी आणि अफवांची रद्दी फार आहे. ‘आता एकच हत्यार ठेवता येणार’, ‘काडतुसांचा कोटा निम्मा होणार’, ‘दिवाळीनंतर नूतनीकरण बंद’. यातला एकही आदेश आमच्या पाहण्यात नाही. पण ज्यांनी वर्षानुवर्षे एक बार काढलेला नाही, तेही वर्षाचा पुरा कोटा उचलायला रांगेत उभे आहेत. डीलरकडे काडतुसांत एस.जी. नाही, एल.जी. नाही, चार नंबरचा छर्रा मागितला तर पुढच्या महिन्यात या. खडकीच्या दारूगोळा कारखान्याचा माल मागाल तेव्हा आणि मागाल तेवढा मिळाला असे दिवस कधीच नव्हते, त्यात ही भर.

अमेरिकेतल्या नेमबाजांना हा अनुभव नवा नाही. डिसेंबर 2012 मध्ये न्यूटाउनच्या शाळेत हत्याकांड झाले, निर्बंध येणार अशी हवा उठली आणि त्या एका महिन्यात एफबीआयकडे पार्श्वभूमी तपासणीच्या सुमारे 27 लाख 80 हजार विनंत्या गेल्या. .22 लाँग रायफल हे सर्वांत स्वस्त काडतूस, तेच दुकानांतून गायब झाले. एप्रिल 2013 मध्ये तपासणी वाढवण्याचे विधेयक सिनेटमध्ये 60 मतांअभावी अडकले, म्हणजे कायदा झालाच नाही. तरी .22 चा दुष्काळ त्यानंतरही हटायला तयार नव्हता. भीतीपोटी आलेली मागणी उद्या ओसरली तर काय, म्हणून कारखानदार नवी यंत्रे बसवायला धजत नाहीत. 2016 मध्ये ट्रम्प निवडून आले, भीती गेली, विक्री घसरली. आधीच कर्जाने वाकलेल्या रेमिंग्टन या बंदूक कंपनीने मार्च 2018 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला.

तिकडे भ्यालेला माणूस विकत घ्यायला धावतो, म्हणून भाव चढतो. आपल्याकडे काडतुसांचे सोडा, हत्याराच्या बाबतीत तो विकायला निघतो, आणि समोरच्याकडे परवाना नसतो. 29 नोव्हेंबर 2019 ला शस्त्र कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक लोकसभेत आले तेव्हा त्यात एका परवानाधारकाच्या हत्यारांची मर्यादा तीनवरून थेट एकावर होती. संसदेने ती दोनवर आणली, पण मधल्या दिवसांत बाजार बसायचा तो बसलाच. आजोबांच्या वेळची बर्मिंगहॅमची दुनळी, नळ्या आरशासारख्या, कुलपे घट्ट, पण डीलर तिच्याकडे बघायला तयार नव्हता. त्याच सुमारास परदेशी पिस्तुलाला मात्र लाखांत मागणी होती, कारण सामान्य परवानाधारकासाठी आयात 1980 च्या दशकापासून बंद आहे. एकाच सरकारच्या दोन बंधनांनी एक हत्यार मातीमोल केले आणि दुसरे सोन्याच्या भावाने विकले.

आता मूळ दुखणे. तिसरे हत्यार जमा करायला 14 डिसेंबर 2019 पासून एक वर्ष दिले होते आणि त्यातले बरेचसे टाळेबंदीत गेले. पोलीस ठाणे म्हणे, मुद्देमाल कक्षात जागा नाही, डीलरकडे ठेवा. डीलर म्हणे, ठेवतो, महिन्याचे भाडे द्या. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बागायतदार वाचकाने पावतीची छायाप्रत पाठवली आहे. तिच्यावर फक्त ‘जुनी बंदूक एक, चालू स्थितीत’ एवढाच मजकूर आहे. बनावट, नळीवरचा क्रमांक, परवान्याचा यूआयएन (ओळख क्रमांक) यातले काहीच नाही, आणि शिक्क्यावरची तारीख अर्धी उठलेली. भाड्यापोटी आजवर भरलेली रक्कम बंदुकीच्या आजच्या किमतीच्या वर गेली आहे. त्यांना शेजारच्या जिल्ह्यात गिऱ्हाईक मिळाले. शस्त्र कायद्याच्या कलम 5 प्रमाणे विक्रीची लेखी सूचना देऊन 45 दिवस थांबायचे, तेवढे ते थांबले. त्यानंतर जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेने विचारले, ‘बंदूक तुमचीच कशावरून?’ ज्या कार्यालयाने स्वतःच्या हाताने परवान्यावरून ती बंदूक कमी केली, तेच कार्यालय पुरावा मागते! नोंदवही काढून क्रमांक पडताळायला दहा मिनिटे लागतात. पण वही ‘रेकॉर्ड रूमला’ आहे आणि रेकॉर्ड रूमची किल्ली ज्यांच्याकडे ते निवडणुकीच्या कामावर. गिऱ्हाइकाच्या परवान्यातली खरेदीची मुदत तोवर संपली.

हा एकट्याचा प्रश्न नाही. कलम 21 नीट वाचा. जमा केलेले हत्यार विहित मुदतीत विकले किंवा परत घेतले नाही तर जिल्हा दंडाधिकारी ते सरकारजमा करू शकतात. आदेशाआधी कारणे दाखवा नोटीस द्यावी लागते आणि उत्तराला 30 दिवस मिळतात. उत्तरात क्रमांकच लिहिता येत नसेल तर म्हणणे कशाबद्दल मांडणार?

अधिकाऱ्यांना बोल लावून आपल्या लोकांचे सुटत नाही. 2020 मध्ये बंदूक ठेवून आले ते पुन्हा डीलरकडे फिरकले नाहीत. नळ्यांना गंज चढला की ‘सरकारने घालवली’ म्हणायला मोकळे. आणि काडतुसे साठवणारे तर त्याहून थोर. कोकणच्या दमट हवेत ट्रंकेत पडलेले काडतूस पाचव्या पावसाळ्यानंतर फुसका बार काढते, हे त्यांना आम्ही सांगायला हवे का? ज्यांच्या परवान्यावर एका वेळी 25 आणि वर्षाला 50 असा शेरा आहे, ते 25 घरात कोंबून बसले की पीक संरक्षणाच्या परवान्यावर शेतात रात्रभर जागणाऱ्याला दोन काडतुसेही मिळत नाहीत. डुकरे भात लोळवून जातात आणि तो दिवाळीच्या बाजारातून फटाके आणून वाजवतो. निवडणूक लागली की त्याचीही बंदूक ठाण्यात जाणार, ते वेगळेच.

म्हणून मित्रहो, ज्याच्याकडे या वर्षाची काडतुसे शिल्लक आहेत त्याने यंदा दुकानाची पायरी चढू नये. डीलर बंधूंनीही पूर्ण कोट्याच्या मागणीला आधी घरातला साठा विचारावा. परवान्याच्या मागे नोंदी असतातच. पीक संरक्षणवाल्याचा हात आधी भरावा.

आणि हत्यार जमा असलेल्या प्रत्येकाने याच आठवड्यात पावती काढून पाहावी. बनावट, बोअर, नळीचा क्रमांक, यूआयएन, जमा केल्याची तारीख यांतले एक जरी नसले तरी परवान्याच्या जुन्या पानाची प्रत जोडून दुरुस्त पावतीसाठी लेखी अर्ज द्यावा. अर्ज आवक-जावकमध्ये द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. त्या प्रतीची छायाप्रत आमच्याकडे पाठवावी, नाव छापणार नाही. जिल्हावार गठ्ठे करून ते गृह विभागाकडे एकत्र नेण्याची तयारी आम्ही चालवली आहे. डीलरकडे जाल तेव्हा तेलाची बाटली आणि चिंधी सोबत न्या, त्याच्या समक्ष नळ्या पुसून घ्या.